ठेक्यावर चालणारा डोंगा

आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या सरांनी नागपूरहून एक मासिक आणलं होतं. त्यासोबत एक सीडी आली होती. सीडीवर बाकी बरंच काही होतं, पण सरांनी आम्हाला जे दाखवलं ती एक अगदी छोटी फाइल होती. आमच्या प्रॅक्टिकलच्या उत्तरांची फाइलसुद्धा तिच्याहून मोठी असेल. सरांनी एंटर दाबलं आणि काळ्या पडद्यात एक बोगदा उघडला. रंगीत भिंतींचा बोगदा, आपण त्यात आत आत चाललोय, वळतोय, आणि मागे संगीत. आम्ही काही पोरं खुर्च्यांच्या मागे उभे होतो.

"हा व्हिडिओ नाई बरं का," सर म्हणाले. "व्हिडिओ एवढ्याशा जागेत मावतच नाई. हे आत्ता, तुमच्यासमोर, मशीन काढून राह्यलं. एकेक ठिपका हिशेब करून."

अशा प्रोग्रामला डेमो म्हणतात हेही त्यांनीच सांगितलं. त्याचा उपयोग काही नसतो. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं हौसेनं ते लिहितात आणि एकमेकांना दाखवतात.

"याचे मार्क भेटतात काय सर?" मागून एकानं विचारलं.

"नाई."

"मंग कायच्या कामाचं?"

सगळे हसले, मीही हसलो. पण गावाकडे जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसलो असताना माझ्या डोळ्यांपुढे तो बोगदाच फिरत होता.

हे ब्रह्मपुरीच्या कॉलेजातलं, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आमचं गाव तलावाच्या काठी, आणि आम्ही तलावावर जगणारे. बाबा मासे धरायचे, आई टोपली घेऊन विकायची, धानाच्या हंगामात दोघंही रोवणीला, कापणीला जायचे. मी कॉलेजात काय शिकतो हे घरात कोणाला सांगता येत नसे, आणि खरं तर मलाही नीट सांगता येत नसे. वर्गात मी मधल्या बाकावरचा मुलगा. सरांनी इंग्रजीत प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मी खाली बघायचो. माझं आडनाव पुकारलं तर काही जणांना दोनदा आठवायला लागायचं, हा कोण.

डेमोच्या बाबतीत मात्र मी पहिला होतो. सरांनी सीडीवरच्या मजकुराच्या काही फाइली मला फ्लॉपीवर दिल्या. त्या इंग्रजीत होत्या, मी डिक्शनरी घेऊन बसायचो. लॅबमध्ये चार नंबरचं मशीन सगळ्यांत जुनं, सगळ्यांत हळू. त्यावर कोणी बसायला तयार नसे. म्हणून ते मला हवा तेवढा वेळ मिळायचं. पडद्यावर एक ठिपका कसा ठेवायचा, रंगांची यादी कशी बदलायची, हे मी त्यावर शिकलो. एक युक्ती मला फार आवडली होती. चित्र एकदाच काढायचं, पुन्हा हात लावायचा नाही. फक्त निळ्याच्या जागी थोडा गडद निळा, त्याच्या जागी आणखी गडद, असे रंग सरकवत राहायचे. चित्र जागेवरच असतं, पण पाणी हलायला लागतं.

मी आमचा तलाव केला. पलीकडे झाडांची काळी रेघ, मावळतीचं आकाश, खाली हलणारं पाणी, आणि पाण्यावर एक डोंगा. डोंगा म्हणजे आमच्याकडची लाकडाची अरुंद नाव. तो डाव्या काठावरून निघायचा, उजवीकडे जायचा, वळायचा आणि परत यायचा. बस. एवढ्यासाठी माझे काही महिने गेले. डोंगा कधी उड्या मारायचा, कधी पाण्यात अर्धा बुडून चालायचा. तो हवा तसा सावकाश चालावा म्हणून प्रत्येक पावलामागे मी मशीनला उगाच आकडे मोजायला लावायचो. मोजून झालं की पुढचं पाऊल. किती मोजायला लावायचं ते चार नंबरच्या मशीनसमोर बसून, डोळ्यांनी बघून ठरवायचो. कमी केलं की डोंगा पळायचा, जास्त केलं की थांबून थांबून चालायचा. एक दिवस तो बरोबर चालला. म्हणजे बाबांचा चालतो तसा.

लॅबमध्ये ही बातमी झाली. "त्या चार नंबरवर पाणी हालते म्हनते," असं म्हणत दुसऱ्या वर्गातली पोरं यायची. मी उठून त्यांना जागा द्यायचो आणि बाजूला उभा राहायचो. तेवढ्यापुरतं सगळ्यांना माझं आडनाव माहीत होतं.

आणि मग तो आला.

तो म्हणजे माझा जोडीदार. पोरं जास्त आणि मशीन कमी, म्हणून सरांनी प्रत्येक मशीनवर दोन-दोन जण बसवले आणि माझ्यासोबत त्याला दिलं. ब्रह्मपुरीतलाच मुलगा, मुसलमान घरातला. त्याचे अब्बा दिवसा वेल्डिंगचं काम करायचे. पण त्यांची ओळख ती नव्हती. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक असतंच. त्या नाटकांत स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून ते तबला वाजवायचे. त्याचा मोठा काका ऑर्गनवर. तो स्वतः लहानपणापासून त्या खड्ड्यात, अब्बांच्या मांडीजवळ झोपून वाढलेला.

पडद्यावर पहिला ठिपका कसा ठेवायचा ते मी त्याला शिकवलं. हे मी आजही कोणाला सांगताना थोडं जोर देऊन सांगतो.

त्यानं ठिपका ठेवला, बघितला आणि म्हणाला, "बरं. अन् आवाज कसा काढाचा?"

"आवाजात काही नाई. टूं टूं करते फक्त."

"कर ना टूं."

मी करून दाखवलं. त्यानं कीबोर्ड स्वतःकडे ओढला. त्या दिवसानंतर चित्राकडे त्यानं फारसं बघितलंच नाही. मशीनच्या पोटातला तो छोटा स्पीकर, जो आम्हाला फक्त चूक झाली की ओरडताना माहीत होता, त्यातून तो सूर काढायला लागला. एका वेळी एकच आवाज निघतो म्हटल्यावर तो दोन-तीन सूर इतक्या भरभर आलटून पालटून वाजवायचा, की सगळे एकदम वाजल्यासारखे वाटायचे. मी पाण्याला महिने घातले होते. त्याच्या काकांच्या ऑर्गनसारखा आवाज त्याला दिवाळीच्या सुट्या लागायच्या आत जमला.

आता पोरं त्याच्यासाठी यायला लागली. दारातूनच ओरडायची, "अबे, ते वाजव ना, नाटकाच्या सुरुवातीचं!" तो वाजवायचा. लॅबमध्ये हसणं, टाळ्या. त्याच्या पडद्यावर काय असायचं? रेघा. सुराबरोबर वर-खाली होणाऱ्या रंगीत रेघा, आणि सुरुवातीला बाजूला सरकणारा एक लाल पडदा, तोही वाकडा. मी मनात म्हणायचो, रेघा! नुसत्या रेघा! पहिल्या आठवड्यात कोणीही काढेल अशा. आणि सर, ज्यांनी माझ्या पाण्याला "छान, छान" म्हटलं होतं, ते त्याला "उस्ताद" म्हणायला लागले.

"उस्ताद, चहा घेणार काय?"

मला विचारायचे नाहीत असं नाही. "तू पण घे ना," म्हणायचे. हे "पण" मला फार लागायचं.

मला कसं सांगावं कळत नाही. तो वाईट मुलगा असता तर बरं झालं असतं. तो डबा अर्धा माझ्यापुढे सरकवायचा. माझ्या फ्लॉपीला बुरशी लागली तेव्हा त्यानं स्वतःची रिकामी करून दिली. मी गावाकडून आणलेले सुके झिंगे त्याच्या अम्मीला आवडायचे, म्हणून तो ते घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी माझं नाव घेऊन घरात काय काय बोलणं झालं ते सांगायचा. आणि हे सगळं तो सांगत असताना माझी नजर त्याच्या बोटांकडे असायची. ती टेबलावर काहीतरी वाजवत असायची. कधी थांबायचीच नाहीत. मला वाटायचं, आपल्याजवळ असं न मागता चालणारं काय आहे? मला प्रत्येक गोष्ट बसून, घासून, डिक्शनरी उघडून करायला लागत होती.

हिवाळ्यात कॉलेजनं एक नवीन मशीन घेतलं. मोठा रंगीत पडदा, साउंड कार्ड, दोन स्पीकर. ते सरांच्या केबिनमध्ये ठेवलं आणि केबिनला कुलूप. त्याची किल्ली सर फक्त त्याला द्यायचे, कारण साउंड कार्डावर काम करायचं त्यालाच होतं. मी चार नंबरवर बसलेला असायचो आणि काचेच्या पार्टिशनमागून ऑर्गन ऐकू यायचा. आता तर खराखुरा, घुमणारा. लॅबमधली पोरं टायपिंग थांबवून ऐकायची.

मग गॅदरिंगचं ठरलं. गॅदरिंगच्या पहिल्या दिवशी सकाळी विज्ञान प्रदर्शन असायचं, आणि पोरांचे आईवडील यायचे. सर म्हणाले, या वर्षी नवीन मशीन हॉलमध्ये मांडू आणि पाहुणे आले की एक डेमो दाखवू. एकच. लाइटचा भरवसा नाही आणि पाहुण्यांना घाई असते.

"कोणाचा सर?" मी विचारलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"पाहू ना," सर म्हणाले. "दोघांचेही चालवून पाहू नवीन मशीनवर."

मी त्याच शनिवारी गावाला गेलो आणि घरी सांगून टाकलं. आई चुलीपुढे होती. बाबा जाळ्याची फाटकी बाजू मांडीवर घेऊन बसले होते.

"कॉलेजात कार्यक्रम हाय. तुम्ही दोघं या. मी बनवलेलं दाखवणार हायेत सगळ्याईले."

"काय बनवलं तू?" बाबांनी विचारलं.

"आपला तलाव."

बाबांना काही समजलं नाही, पण ते हसले. आई म्हणाली, "येऊ ना बाबू. कापडं धुवून ठेवतो." झालं. आता मागे फिरायला जागा नव्हती. तो एक डेमो माझाच असायला हवा होता. नाहीतर आईबाबा धुतलेले कपडे घालून, जीपनं येऊन, दुसऱ्या कोणाचं तरी बघणार होते.

चाचणीच्या दिवशी केबिनमध्ये सर, तो, मी आणि दाटीनं शिरलेली बरीच पोरं. आधी माझा. मी फ्लॉपी घातली, एंटर दाबलं.

डोंगा दिसलाच नाही. म्हणजे होता, पण डावीकडून उजवीकडे एक काळी रेघ सटकन गेली, परत आली, पुन्हा गेली. पाणी उकळल्यासारखं फसफसत होतं. आकाशाचे रंग असे लपलपत होते की डोळे मिटावेसे वाटले. नवीन मशीन इतकं जलद होतं, की मी मोजायला लावलेले आकडे ते चुटकीसरशी मोजून मोकळं होत होतं.

"तुमच्या तलावात मोटार लावली काय बे डोंग्याले?" एकजण म्हणाला.

"वाघ मागं लागला असन त्याच्या!"

"मासोया शिजून राह्यल्या, पाह्य पाह्य!"

सगळी केबिन हसत होती. सरही तोंडावर हात ठेवून. मला त्या सगळ्यांचं काही वाटलं नाही. मी फक्त त्याच्याकडे बघितलं. तो हसत नव्हता. तो पडद्याकडे बघत होता आणि त्याची बोटं मांडीवर चालू होती.

मग त्याचा चालवला. तो चार नंबरवर जसा वाजायचा तसाच इथेही वाजला. सुराला सूर, रेघेला रेघ. एक कण घाई नाही.

पुढचे दिवस मी आकडा वाढवत बसलो. दहापट, शंभरपट. पण नवीन मशीन कुलपात आणि माझ्यासमोर चार नंबर. तिथे डोंगा आता हलतच नव्हता. नवीन मशीनवर तो कसा चालेल ते मला कळायला मार्ग नव्हता. सरांकडे किल्ली मागायची तर सर म्हणणार, उस्तादला माग. ते माझ्याच्यानं होईना.

शेवटी तोच आला. मला ओढून कॉलेजसमोरच्या टपरीवर घेऊन गेला.

"तू मशीनले मोजाले लावतं ना, तिथीच चुकते," तो म्हणाला. "जलद मशीन जलद मोजन, हळू मशीन हळू मोजन."

"मंग तुझं कसं सारखं चालते?"

"मी मोजतच नाई. मशीनच्या आत घड्याळ हाय ना, त्याचा ठोका पडते. मशीन कोणतंबी असो, ठोका तोच. मी ठोक्याची वाट पाहतो." त्यानं बाकड्यावर हळूच ठेका धरला. "नाटकात कसं असते, अब्बा ठेका धरून बसतात. नट आला नाई, उशीर झाला, डायलॉग भुलला, ठेका चालूच. नट ठेक्यात येते. नटासाठी ठेका नाई थांबत. तू नटाच्या पायाले ठेका बांधून राह्यला."

ठोक्याचं मी त्या फाइलींत वाचलं होतं. वाचून पुढे गेलो होतो. त्याला ते वाचायची गरजच पडली नसावी.

"अन् ऐक," तो म्हणाला, "माझ्या त्या रेघा बेकार हायेत. तुझा तलाव घेऊ. तुझा डोंगा माझ्या ठेक्यावर चालवू. दोघांचं एकच होईन."

हवं ते मिळत होतं. माझा तलाव मोठ्या पडद्यावर, आईबाबांसमोर. तरी मला ते बोचलं. कारण त्याला त्याच्या रेघा टाकून देताना काहीच वाटत नव्हतं. मी माझ्या पाण्यातला एक रंग तरी असा टाकला असता का?

"चालन," मी म्हणालो.

केबिनमध्ये आम्ही बरोबर बसलो. मी पाण्याचा आणि डोंग्याचा भाग ठोक्यावर बसवला, त्यानं संगीत जोडलं. ते छान झालं, खोटं कसं बोलू. डोंगा सम गाठून वळायचा आणि त्याच क्षणी ऑर्गन खालच्या सुरावर यायचा. सर दारात उभे राहून म्हणाले, "वा उस्ताद, वा!" आणि मग माझ्याकडे वळून, "दोघांचंही."

गॅदरिंगच्या दिवशी आईबाबा लवकरच आले. बाबांनी पांढरा सदरा-पायजमा घातला होता, आईनं हिरवं लुगडं. हॉलच्या दाराशी दोघांनी चपला काढल्या. मी म्हटलं, घाला, इथी चालते. तरी त्यांनी त्या हातातच धरल्या. मी त्यांना मशीनच्या टेबलाजवळ पुढे आणून उभं केलं.

पाहुणे आले, सरांनी दोन वाक्यं बोलून मला खूण केली. मी एंटर दाबलं. तलाव उघडला. झाडांची रेघ, आकाश, पाणी. आणि ऑर्गन सुरू झाला.

मी पडद्याकडे बघितलं नाही, लोकांकडे बघितलं. आणि मला स्वच्छ दिसलं की लोक बघत नव्हते, ऐकत होते. माना डोलत होत्या. मागची माणसं, ज्यांना पडदा दिसतही नव्हता, तीही हसत होती. संपल्यावर टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनी विचारलं, कोणी केलं, तर पोरांनी एका सुरात त्याचं नाव घेतलं. पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली.

"चित्र याचं हाय सर," त्यानं मला हाताला धरून पुढे ओढलं. "पूर्ण पाणी यानं केलं."

"हो का? अरे वा," पाहुणे म्हणाले आणि वनस्पतिशास्त्राच्या टेबलाकडे गेले.

माझी आई त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "लय गोड वाजवलं रे बाबू. मंडईची याद आली." माझी आई. मी तिथंच उभा होतो.

पण त्याहून वेगळी गोष्ट पुढे झाली. त्याचे अब्बा आले होते. गर्दीच्या कडेला, भिंतीला टेकून, डोळे मिटून त्यांनी ऐकलं होतं. बाबांनी त्यांना पाहिलं. बाबा तलावात, जीपमध्ये, बाजारात कसे वागतात ते मला माहीत होतं, पण त्या दिवशीचे बाबा मी कधी पाहिले नव्हते. ते हातातल्या चपला खाली ठेवून, हात सदऱ्याला पुसून, लहान पोरासारखे त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"भाऊ, तुमी खड्ड्यात वाजवता ना जी? तबला? मी आरमोरीले पाह्यलं तुमाले. वडशालेबी पाह्यलं. मी पुढंच बसतो, तुमच्या हाताले पाहाले."

"अरे, मेहरबानी भाऊ," ते म्हणाले आणि त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. "हे पोरगं तुमचं? चांगलं केलं याने."

"हो जी," बाबा म्हणाले. पण त्यांची नजर त्या हातांवरून हलत नव्हती.

तोवर तो तिथे आला. अब्बांनी हसून नाही, अगदी साध्या आवाजात त्याला विचारलं, "डोंगा मुडता है ना, उधर तूने क्या किया?"

त्यानं पडद्याकडे बघितलं.

"एक मात्रा खा गया तू."

"अब्बा, वो..." त्यानं माझ्याकडे बघितलं. "याचा डोंगा एक मात्रा आधीच काठाले पोचते. वळणं समेवर नव्हतं येत. मंग मी एक मात्रा कमी केली तिथी. कोणाले नाई समजत."

"नट के वास्ते ठेका नहीं खाते. डोंगा छोटा कर, देर से छोड़, कुछ भी कर. मात्रा नहीं." मग ते बाबांकडे वळून म्हणाले, "पोट्टे आहेत भाऊ. समजत नाई."

त्यानं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढ्या टाळ्या मिळालेल्या दिवशी, सगळ्यांसमोर.

आणि तिथे उभा राहून मला जे वाटलं ते त्या टाळ्यांनीही वाटलं नव्हतं. माझ्यासाठी त्यानं मात्रा सोडली होती आणि मला सांगितलंही नव्हतं, हे समजायला मला थोडा वेळ लागला. पण आधी वाटला तो हेवाच. याला चूक सांगणारं माणूस घरात आहे. यानं मशीनच्या आत, कुठल्या तरी ओळीत, एक मात्रा खाल्ली, आणि ती भिंतीला टेकून, डोळे मिटून पकडणारा बाप याला आहे. माझ्या पाण्यात रंगांची एक पट्टी मी अर्धवट सोडली होती, वेळ नव्हता म्हणून. उजव्या कोपऱ्यात ती उलट्या बाजूनं सरकत होती. हॉलभर माणसं होती, कोणाला ती दिसली नव्हती.

बसस्टँडवर जीपची वाट बघताना बाबा त्यांच्याबद्दलच बोलत होते. कोणत्या नाटकात कसं वाजवलं, लाइट गेली तरी कसं वाजवत राहिले, आज हात कसे धरले. आईनं शेवटी म्हटलं, "याचंबी काही बोला ना. एवढं केलं लेकरानं."

"चांगलंच केलं की," बाबा म्हणाले.

"काही चुकलं असं वाटलं काय?" मी विचारलं.

बाबा जरा गोंधळले. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना वाटलं असावं की काहीतरी सांगायलाच हवं. त्यांनी विचार केला, खरोखर केला, मी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघत होतो.

"मले काय समजते बाबू त्यातलं," ते म्हणाले. "चांगलं होतं. पाणी होतं."

जीप आली आणि ते दोघं मागे चढले.

पुढच्या हंगामात त्याला एका नाटक मंडळीनं ऑर्गनवर घेतलं, काकांच्या जागी. परीक्षा त्यानं कशीबशी दिली. डेमो त्यानं सोडूनच दिले. रागानं नाही, कंटाळूनही नाही, एखादा खेळ अंधार पडला की सोडावा तसे. "माझे सुरांचे प्रोग्राम तुझ्याजवळच राहू दे," म्हणाला. माझ्या हातात जी एकच गोष्ट होती ती त्याच्यासाठी एक हिवाळ्याची मजा होती. ती इतक्या सहज सोडता येते, याचाही मला हेवा वाटला. आणखी एक मला हसू येईल अशी गोष्ट: तो गेल्यावर चार नंबरवर मी पुन्हा एकटाच होतो, पोरं पुन्हा माझं पाणी बघायला येत होती, आणि मला ते आवडेना.

मी पुढे नागपूरला शिकलो, मग तिथेच कॉम्प्युटरच्या नोकरीला लागलो. नोकरीतले प्रोग्राम नोकरीपुरते. सुटीच्या दिवशी मी डेमो लिहायचो, अजूनही लिहितो. इंटरनेट आल्यावर कळलं की दूरदूरचे लोक आपापले डेमो एका ठिकाणी ठेवतात आणि एकमेकांचे बघतात. पुष्कळ दिवस मी नुसता बघत होतो. मग एकदा हिंमत करून माझा एक ठेवला. त्यात नदी होती, पूर येणारी, उतरणारी. संगीत मीच केलं होतं, मोजून मोजून, मोठ्या कष्टानं. काही दिवसांनी एका अनोळखी माणसानं खाली लिहिलं, की पाणी उत्तम आहे, पण मध्यावर संगीत ताल सोडतं, तेवढं दुरुस्त करा.

मी ते वाचून खुर्चीतून उठलो आणि खोलीत फेऱ्या मारल्या. कोणीतरी बघितलं होतं. मग मी माझ्या त्या जुन्या जोडीदाराला फोन लावला. कितीतरी दिवसांनी. तो वडशाला होता, दुपारची तालीम संपली होती, मागे कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

"अबे! अजून करून राह्यला तू ते?" तो ओरडला. "पाणी?"

"हो. बाहेरच्या देशातले लोक पाहून राह्यले आता."

"काय सांगतं!"

मी त्याला सगळं सांगितलं. किती जणांनी बघितलं, कुठून कुठून, काय लिहिलं. जरा वाढवूनही सांगितलं. आणि सांगता सांगता फोन कानाला घट्ट दाबून मी त्याचा आवाज ऐकत होतो. इतक्या वर्षांत मला त्याच्याकडून एकच हवं होतं. एकदा तरी, थोडं तरी, त्याला माझं काहीतरी लागावं. एखादा शब्द आखडावा, "बरं" म्हणताना मध्ये थोडी जागा राहावी.

"अब्बाले सांगतो आजच," तो म्हणाला. "त्याईले लय आनंद होईन. अन् तो मात्रा सुटलेली म्हणणारा कोण हाय, त्याचे कान चांगले हायेत, त्याले सोडू नको."

मी खूप लक्ष देऊन ऐकलं. त्याच्या आवाजात कुठेच काही अडत नव्हतं. तो नुसता खूश होता.